यंदा कानबाई बसवावी का? मन लागत नाही आणि हातही रिकामा आहे

चोपड्याची सून

नमस्कार मंडळी. इथलं वाचते बऱ्याच दिवसांपासून, लिहिते आज पहिल्यांदा. चूकभूल माफ करा.

चोपडा तालुक्यात अडावदजवळ आमचं गाव. दोन एकर केळी, घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, एक मुलगी आणि एक मुलगा. गेल्या दिवाळीनंतर ह्यांचे पाय सुजायला लागले. रात्रीची लाईट असते, पाणी भरायला जागरणं होतात, त्याचाच थकवा असेल म्हणून दोन महिने अंगावर काढले. जळगावला तपासणी केली तेव्हा कळलं, दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. वय ४१. फेब्रुवारीपासून दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. पहाटेची एसटी धरायची, विदगावच्या पुलावरून तापी ओलांडायची, चार तास मशीनवर, आणि अंधार पडता पडता परत. येताना ते खिडकीला डोकं टेकून झोपतात. मी त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर धरून बसते, कारण फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली शीर, त्या हाताला आहे आणि गाडीत कुणाचा धक्का लागायला नको.

मे महिन्यात वादळ झालं. साडेतीन हजार खोडांपैकी अकराशे आडवी झाली, बरीचशी निसवलेली, घड बाहेर पडलेली होती. उरलेली बाग आता कापणीला आलीय. पण केळीवाल्याच्या घरात केळं बंद झालंय. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, केळं आणि नारळपाणी अजिबात नाही. धाकटा सहा वर्षांचा आहे. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तो बापासमोर केळं खात नाही. गोठ्यात जाऊन खातो.

आता मुद्द्यावर येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमच्या खान्देशातला देवीचा सण. आमची पिढीजात आहे, देवी म्हणून पुजतो तो नारळ आजेसासूबाईंच्या हातचा. गेल्या वर्षी भाऊबंदांची चाळीसेक पानं उठली होती. सासूबाई म्हणतात, "देवी पाहून घेईल, तू भरवसा ठेव." त्या शब्दाचा मला राग यायला लागलाय. मनुदेवीची ओटी भरून आले. दीर चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाऊन आले. काही फरक नाही. देव्हाऱ्यापुढे बसते, हात जोडले जातात, पण तोंडातून एक शब्द निघत नाही.

भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं तरी काय? असं कोरडं मन घेऊन देवी बसवली तर ती पूजा होते का? आणि नाही बसवली तर दोष लागतो का?

रोज सकाळी उठल्या उठल्या मी त्यांच्या मनगटावर बोट ठेवते. फिस्टुलात रक्ताची घरघर लागते, मांजर मांडीवर झोपलं की लागते तशी. ती लागली की चूल पेटवते. देवाला दिवा त्यानंतर.

जुनं वळण

ताई, कानबाईत खंड पाडू नका. आमच्या भावकीत एका घरी दोन वर्षं नाही बसवली, तर एकामागून एक संकटं आली. उसनेपासने करा, पण रीत पूर्ण करा. चाळीस पानं होती तर चाळीसच व्हावीत. देवीच्या नावाने काढलेलं कर्ज देवी फेडून घेते. बाकी तुमची इच्छा.

सुई-धागा जळगाव

ताई, मी डायलिसिस युनिटला तंत्रज्ञ आहे, अकरा वर्षं झाली. देवाधर्माचं मोठी माणसं सांगतील. मला तुमच्या पोस्टमधला वार दिसला आणि राहवलं नाही.

सोमवार-गुरुवार करणाऱ्या पेशंटला गुरुवार ते सोमवार हा मोठा खाडा असतो. त्या दिवसांत शरीरात पाणी साठतं, पोटॅशियम चढतं. म्हणजे रविवारी तुमच्याकडे देवीच्या नैवेद्याचे रोट होणार, तेव्हा ते आठवड्यातल्या सगळ्यात जड अवस्थेत असणार. सणाचं जेवण आणि तो रविवार एकत्र आले की सोमवारी काय होतं ते मी दर वर्षी पाहतो. दम लागलेला पेशंट धरून आणतात. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही दुखतखुपत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही.

तेव्हा आताच युनिटला फोन करा आणि त्या आठवड्यात शनिवारी एक जास्तीची पाळी मिळते का विचारा. सणाचं कारण सांगायला लाजू नका, आम्हाला आवडतं आधी सांगितलेलं.

ताटाचं सांगतो. गव्हाचा रोट चालेल. तूप थोडं चालेल. गलक्याची (घोसाळ्याची) भाजी चालेल, पण चिरून कोमट पाण्यात दोन तास ठेवा, ते पाणी फेकून द्या आणि मग शिजवा. गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी त्यांना नको. पुरण आणि कटाची आमटी चवीपुरती, कारण डाळही आली आणि गूळही आला. प्रसादाचं खोबरं कपाळाला लावून मुलांना द्या. दुधाची खीर दोन चमचे, आणि ती पाण्याच्या मापात धरायची. बाजारात 'कमी सोडियमचं' म्हणून मीठ मिळतं, ते बीपीसाठी चांगलं समजून लोक आणतात. त्यात पोटॅशियम असतं. किडनीच्या माणसाला ते घातक आहे.

डाव्या मनगटाला गंडा, दोरा, घट्ट कडं काही बांधू देऊ नका, देवीचं असलं तरी. त्या हाताने पाट उचलायचा नाही. आणि सकाळी बोट ठेवता ते कधीच सोडू नका. घरघर थांबली तर एसटीची वाट पाहू नका, मिळेल त्या गाडीने लगेच निघा. लवकर पोचलं तर फिस्टुला वाचू शकतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. पैसे भरत असाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा. प्रत्यारोपणाचं डॉक्टरांशी बोलला आहात का? आई, वडील, भाऊ, बहीण, बायको, कुणाचं जुळतं ते तपासता येतं. घाबरून तो विषय टाळू नका. ४१ हे वय थोडं आहे.

अमळनेरची आक्का

पोरी, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. नातीकडून टाइप करून घेतेय, म्हणून लांबलं तर तिच्या बोटांवर दया कर.

वर ज्या भाऊंनी दोषाचं लिहिलं, त्यांचा मान ठेवून सांगते, मला ते पटत नाही. कर्ज काढून चाळीस पानं उठवायला देवीने सांगितलेलं नाही, ते भावकीने सांगितलेलं असतं. रोटाचं धान्य कसं घेतात? घरातल्या पुरुषमाणसांची मोजणी करायची आणि माणशी सव्वा मूठ गहू. तुझ्या घरी सासरे, नवरा, मुलगा, दीर आणि दिराचा एखादा असेल तर पाच. पाच जणांचे सव्वासहा मुठी गहू. देवीचं मागणं एवढंच. मांडव, बँड, साड्या हे आपण वाढवलेलं.

आता माझं ऐक. आमच्या घरचे कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडली. दोन वर्षं त्यांनी रिक्षा चालवली आणि एका सकाळी उजवं अंग गेलं. लकवा. तीन पोरी, थोरली सातवीत. मला येत काय होतं तर बिबडे, ज्वारीचे पापड. माझी आई घालायची तसे.

तुम्ही केळीवाल्या लोकांनी बिबडे खाल्ले असतील, घातले नसतील. ज्वारी भिजवायची, वाळवून दळायची, आणि मग मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ घालून घाटा हटवायचा. हटवणं म्हणजे दोन हातांनी लाकडी दांडा धरून फिरवत राहायचं. एक क्षण थांबलं की बुडाला लागतं, आणि अख्ख्या पातेल्याला तो वास येतो. खाली उतरवला की गरमच थापायचा, पाण्यात हात बुडवून, ओल्या धोतरावर. बोटं भाजतात. गार होऊ दिला तर बिबडा फाटतो. वैशाखाचं ऊन दोन दिवस मिळालं की कडकडीत वाळतात.

त्या वर्षी पहिल्यांदा सुरतेहून मोठी मागणी आली होती. आपल्या खान्देशची किती माणसं तिकडे आहेत, माहीतच आहे. उसनी ज्वारी आणली. वैशाख शुद्ध एकादशी होती, बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरलेली, रथाचा दिवस. चार गच्च्यांवर माझे बिबडे पसरलेले. म्हटलं, संध्याकाळी गोळा करीन आणि रथाचं दर्शन घेईन. दुपारी तीनला आभाळ आलं. मी आणि पोरी धावलो, पण चार गच्च्या आणि आठ हात. पाऊस अर्धाच तास पडला. तेवढ्यात सगळ्याचा लगदा झाला.

रात्री रथ आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला. टाळ ऐकू येत होते. मी दार उघडलं नाही. आतून कडी घालून बसले आणि देवाला जे बोलले ते नातीकडून लिहून घेणार नाही. म्हणून तुला सांगते, तुझ्या तोंडातून शब्द निघत नाही तर नको निघू देऊस. माझ्या तोंडातून निघाले होते ते शब्द आणखी वाईट होते. देवाने तेही ऐकून घेतले.

सकाळी तो लगदा टोपल्यांत भरून मागच्या आळीत म्हशीवाल्या दादांकडे नेला. म्हटलं, उकिरड्यात जाण्यापेक्षा जनावरांच्या पोटात जाऊ दे. त्यांनी विचारलं, काय झालं? सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुपारी त्यांची सून ताकाची बरणी घेऊन आली आणि म्हणाली, मामांनी सांगितलंय, आमचं कडब्याचं पत्र्याचं शेड मार्गशीर्षानंतर रिकामं होत जातं, तिथे वाळवा. पत्र्याखाली ऊन नसतं, पण धग असते आणि पाऊस लागत नाही. पुढच्या वर्षी मी काम फाल्गुनातच सुरू केलं. अर्धे बिबडे होळीच्या आत घालून व्हायचे, तेव्हा पावसाची भीती कमी. गिऱ्हाईकही आधी मिळतं, कारण बाकीच्या बाया चैत्रात जाग्या होतात. सुरतेची मागणी दुप्पट झाली. पार्सल भुसावळ-सुरत गाडीने जायचं.

आणि हे. उजवा हात गेलेला, पण डावा होता ना. ते खाटेवर बसून डाव्या हाताने पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या लावायचे. पहिल्या दिवशी दोन थप्प्या झाल्या आणि रडले. वर्षाने दिवसाला चाळीस व्हायच्या. एकही बिबडा कमी-जास्त नाही. साच्यावर धागे मोजलेला माणूस तो.

ते नवव्या वर्षी गेले. बरे झाले नाहीत. मी जे मागितलं ते मला मिळालं नाही, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण त्या नऊ वर्षांत मी एकटी होते असंही म्हणता येणार नाही. तिन्ही पोरी शिकल्या. माझा देवावर भरवसा आहे, आणि तो पाऊस थांबवील म्हणून नाही. पाऊस पडल्यावर सकाळी टोपली उचलायचं बळ त्याने दिलं, आणि टोपली घेऊन गेले तिथे माणूस उभा केला. तू मनगटावर बोट ठेवून मग चूल पेटवतेस, तीच तुझी पूजा चालू आहे. तुला वाटतं ती थांबलीय.

दोषाचं मनातून काढ. कोथळीच्या मुक्ताईकडे बघ. आईबाप लहानपणीच गेले, आळंदीच्या लोकांनी वाळीत टाकलं, दारोदार भिक्षा मागितली. तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि ती गुप्त झाली, ते १२९७ साल. वय अठराच्या आसपास. तिच्याहून देवाजवळचं कोण असेल? तिचे भोग चुकले नाहीत. मग आपल्या घरात आजार आला तो देवीच्या रागाने आला असं कशाला म्हणायचं? तिची पालखी मुक्ताईनगरहून महिनाभर चालत पंढरपूरला जाते. मी दोनदा गेलेय. रस्त्यात कुणी कुणाला विचारत नाही, तुझं मागणं पुरं झालं का म्हणून. पाय दुखतात का, एवढं विचारतात आणि तेल देतात.

कानबाई बसव. घरच्या घरी, सव्वासहा मुठींची. भाऊबंदांना स्पष्ट सांग, यंदा पानं नाहीत, दर्शनाला या. दिरांच्या घरी पाट न्यायचा असेल तर तसंही कर, त्यात काही कमी होत नाही. आणि ह्या पोराने, जळगावच्या, ताटाचं जे लिहिलंय ते कागदावर उतरवून चुलीजवळ लाव. आग्रह करणाऱ्या बाया फार असतात, त्यांना तो कागद दाखव.

कांदेबाग रावेर

वहिनी, तुमच्या पडलेल्या अकराशे खोडांबद्दल. खोदून टाकली नसतील तर थांबा. आडवं खोड जमिनीपासून हातभर वर कापा, बाजूच्या पिलांतलं एकच तलवारीच्या पात्यासारखं जोमदार पील ठेवा, बाकीची काढा. मुळं जागेवर आहेत, त्यामुळे नव्या रोपापेक्षा लवकर येतं, नऊ-दहा महिन्यांत घड हाती. रोपांचा खर्च वाचतो. पश्चिमेच्या बांधावर शेवरी किंवा गजराज गवत लावा, दोन वर्षांत वाऱ्याला आडोसा होतो. पिलं निवडताना पानांवर पिवळे पट्टे दिसले तर ते झाड मुळासकट काढून बागेबाहेर पुरा. ठेवायचा मोह नको, मावा तो रोग बागभर नेतो. माझा मोठा भाऊही मशीनवर होता. एकट्याने बाग ओढू नका. कापणीला ओळखीच्या टोळीचा मुकादम हवा असेल तर मेसेज करा.

चोपड्याची सून

सगळ्यांचे आभार. आक्का, तुमचं लिहिणं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या मध्येच उठून आत गेल्या. मला वाटलं चिडल्या. थोड्या वेळाने सूप आणि गव्हाचं डबडं घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मोजू दे एकदा, किती होतात. आमच्याकडे खरंच पाचच आहेत. तुम्हाला कसं कळलं?

सासऱ्यांची मूठ झाली. मग ह्यांना बोलावलं. त्यांनी उजव्या हाताची भरली. धाकट्याने विचारलं, पाव मूठ कशी मोजायची? हे म्हणाले, चार बोटांतलं एक. त्याच्या तळहातावर गहू ठेवून बाकीची बोटं मिटून दाखवली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा त्यांना कुणाला काही शिकवताना पाहिलं.

जळगावच्या दादा, युनिटला फोन केला. शनिवारी सकाळची जास्तीची पाळी मिळाली, सोमवारची नेहमीचीही चुकवणार नाही. पाट दीर उचलणार. मीठ तेच निघालं, कमी सोडियमवालं. तीन महिन्यांपासून वापरत होतो. आज टाकलं. किडनी देण्यासाठी सासूबाईंच्या तपासणीचं सोमवारनंतर डॉक्टरांना विचारणार. त्या स्वतःहून म्हणाल्या, माझी घ्या. मी आधी माझी करा म्हणतेय, ह्यावरून घरात वाद सुरू आहे.

भाऊ, अर्धी खोडं खोदून झाली होती, उरलेली थांबवली. आज संध्याकाळी पिलं पाहून आले. पिवळे पट्टे कुठे दिसले नाहीत. मुकादमाचा मेसेज करते.

पाहुण्यांना नको कसं म्हणायचं, त्याचंच अजून अवघड वाटतंय. मोठ्या चुलत सासूबाईंना फोन तीनदा लावून तीनदा कट केला. उद्या करते.

आक्का, एक विचारायचं राहिलं. केळी कापली की माघापासून माझे हात जरा मोकळे होतात, आणि आमच्या गच्चीवर ऊन भरपूर आहे. ज्वारी किती दिवस भिजवायची?

अमळनेरची आक्का

तीन दिवस, रोज पाणी बदलून. पहिल्या खेपेला दोन किलोच घे, घाटा हटवायला एकटी पडशील. चोपडा काही लांब नाही. फाल्गुन लागला की कळव, मी दांडा घेऊन येते.